बिननावाची ट्यूब

—नाही नाही, उठू नका, काकू, पडल्या पडल्याच बोला. हात तेवढा सरळ असू द्या. कोपरात वाकला की सुईत रक्त गोठतं, आणि मग सिस्टर तुम्हाला काही बोलत नाहीत, मला बोलतात. ठणकतंय का? थोडं ठणकेल. इंजेक्शन दिलं दहा वाजून दोन मिनिटांनी — हे बघा, लिहून ठेवलंय — म्हणजे दहा बत्तीसला एकदा रक्त घ्यायचं, अकरा दोनला एकदा, की तुम्ही मोकळ्या. पहिलं मघाशी घेतलंच. अकरा नाही, अकरा दोन. हसताय? हसा, आमच्या लॅबमध्येही हसतात. मी वेळेच्या बाबतीत जरा — जरा म्हणजे, अचूक सांगायचं तर, बरीच काटेकोर आहे. पण तुम्हाला तर हे कळायला हवं. तुमच्या दुकानात पाव इंच इकडचं तिकडे झालं तर माणसाची बाही दंडात अडकेल की नाही? तसंच हे. मिनिट चुकलं तर आकडा चुकतो, आकडा चुकला तर डॉक्टरांचा निर्णय चुकतो, आणि औषध तर जन्मभराचं. म्हणून मी इथे बसते. खरं तर माझी जागा आत, मशिनपाशी. मी शिकतेय अजून, एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. पण ही एक तासाची चाचणी असली की मॅडम मलाच बाहेर पाठवतात. म्हणतात, तू घड्याळाकडे बघत बसशील याची मला खात्री आहे. मी स्वतः 'खात्री' हा शब्द सहसा वापरत नाही.

कसली चाचणी म्हणजे? डॉक्टरांनी सांगितलं नाही? सांगितलं असणार, पण ते फार भरभर बोलतात, मान डोलावेपर्यंत पुढचा पेशंट आत. सांगते ना. आपली दोन मूत्रपिंडं असतात, त्यांच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखी एकेक ग्रंथी असते. एवढीशी — तुमच्याकडच्या चिंधीतसुद्धा मावेल. पण उभं राहायचं, ताप सोसायचा, दचकायचं, अंगातलं मीठ अंगात धरून ठेवायचं, या सगळ्याला तिचंच रसायन लागतं. आणि काही जणांच्या बाबतीत असं होतं की शरीराचा राखणदार त्या ग्रंथीलाच चोर समजतो आणि रोज थोडं थोडं बदडत राहतो. का समजतो? तेच तर कुणाला पुरतं ठाऊक नाही. मी तरी ठाऊक आहे असं म्हणणार नाही. तर चाचण्या दोन. तो राखणदार जे हत्यार वापरतो त्याच्या खुणा रक्तात सापडतात, अँटिबॉडी म्हणतात त्यांना — त्या शोधायच्या, ही एक. ती आमच्या लॅबची. आणि दुसरी ही आजची. मघाचं इंजेक्शन म्हणजे ग्रंथीला मारलेली हाक. धडधाकट असेल तर अर्ध्या तासात ओ देते, रक्तातला आकडा चढतो. नसेल तर — नसेल तर नाही देत. हो, तुमच्या खुणा सापडल्या आहेत, त्याशिवाय तुम्हाला आज बोलावलंच नसतं. पण खुणा सापडल्या म्हणजे ग्रंथी गेली असं नव्हे! हे मी सगळ्यांना सांगते. खुणा असूनही ग्रंथी वर्षानुवर्षं नीट चालू शकते. वर्षानुवर्षं. नुसतं लक्ष ठेवायचं, मधून मधून तपासायचं. घाबरण्यासारखं त्यात काही — म्हणजे लगेच घाबरण्यासारखं काही नसतं.

हा डाग कसला? हा, मनगटाच्या वर, तपकिरी. इस्त्रीचा? बाई गं. हात पुढे आला होता का? अच्छा — उभ्या उभ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली, पडलात, आणि इस्त्री अंगावर आली. आणि बरं झाल्यावर डाग निवळायचा सोडून काळा पडत चाललाय. हो, ते होतं, ताजी जखम या आजारात काळवंडते. डॉक्टरांना दाखवलात ना? कधीचं हे? मंगळवारचं. कुठल्या मंगळवारचं? मागच्या की — त्याच्या मागच्या. म्हणजे तेरा दिवस. नक्की त्याच? गणवेशांची ऑर्डर द्यायची होती म्हणून लक्षात आहे. हं. नाही, काही नाही, काकू, सहज विचारलं. नोंद ठेवायची सवय.

दहा एकतीस. थांबा, बोलू नका, मला सेकंद मोजू द्या... झालं. बघा, दुखलंसुद्धा नाही. ट्यूबवर तुमचं नाव, वय, 'तीस मिनिटं'. आमच्याकडे नावाशिवाय ट्यूब आली तर ती सरळ कचऱ्यात जाते, मग ती कुणाचीही असो. फक्त एक सोडून. सांगू? वेळ आहेच आपल्याकडे, अठ्ठावीस मिनिटं.

तुम्ही मघा विचारलंत ना, रिपोर्ट यायला महिना का लागला. मी म्हटलं किट खराब निघालं. तर ते — ते असं असतं. एका वेळी आम्ही तीस-चाळीस जणांचं रक्त लावतो. त्यात एक नमुना असा घालायचा की जो आजारी आहे हे आधीच माहीत आहे, आणि एक ठणठणीत माणसाचा. ठणठणीत माणसाचा कोरा, म्हणजे खुणांशिवाय, यायलाच हवा. तो जर कोरा आला नाही, तर मशीन खोटं बोलतंय असं धरायचं आणि अख्खी बॅच रद्द. असा नियमच आहे. किट बनवणारी कंपनी असा एक ठणठणीत नमुना किटबरोबर पाठवते, पण आमच्या मॅडम म्हणतात, बाटलीतला माणूस कुणी पाहिलाय? आपल्या डोळ्यांसमोरचा एक हवा. म्हणून दर वेळी लॅबमधल्याच एका मुलीचं रक्त घेतात. दोन वर्षं तीच. कधी सर्दी नाही, कधी रजा नाही. तिच्या ट्यूबवर नाव लिहीत नाहीत, नुसतं 'नॉर्मल' लिहितात. मग काय, तिचं नावच पडलं ते. आमचे टेक्निशियन भाऊ तर दारातूनच ओरडतात, ए नॉर्मल, हात पुढे कर, आज तुझं रक्त लागणार आहे! जेवायला बसलं की, नॉर्मलला वाढा रे आधी, ती आजारी पडली तर लॅब बंद पडेल. तीही हसायची. तिला आवडायचं ते, खोटं कशाला बोला. एखादीला गोड गळ्यासाठी ओळखतात, एखादीला केसांसाठी, हिला रक्तासाठी.

तर महिन्यापूर्वीच्या त्या बॅचमध्ये नॉर्मलचं रक्त कोरं आलं नाही. थोडंथोडकं नाही हो, चांगलं ठळक. आता तुम्ही तिच्या जागी असता तर काय म्हटलं असतं? मशीन बिघडलं, असंच ना? तिनंही तेच म्हटलं. नियमाला धरूनच होतं. बॅच रद्द केली, वहीत लिहिलं — किट सदोष — मॅडमची सही घेतली, नवं किट मागवलं, ते यायला अठरा दिवस लागले. मॅडमना शंका आली नाही, कारण नॉर्मलच्या लिहिण्यावर कुणी शंका घेत नाही. आणि दुसऱ्यांदा बॅच लावली तेव्हा ती भाऊंना म्हणाली, या वेळी तुमचं रक्त द्या ना, माझं हिमोग्लोबिन जरा उतरलंय. भाऊ म्हणाले, माझ्या रक्तात चहाच सापडेल. पण दिलं. भाऊंचं कोरं आलं, बॅच पास झाली, तुमचा रिपोर्ट गेला. संपलं. यात लपवण्यासारखं काय आहे? काही नाही. मी आपली वेळ जावा म्हणून सांगितलं.

काय बघताय? हे? ही पिन आहे, एप्रन जरा सैल होतो म्हणून. तुमची नजर म्हणजे — नाही, शिवलंय ते मीच, आतल्या बाजूनं, वेडंवाकडं झालंय मला माहितीये. दोन टिपा, बरोबर. एक आधी घातली आणि एक नंतर, आणि आता ही पिन. अहो, हात लावू नका, सुई हलेल! किती आत घेतलंय म्हणजे? मोजलं नाही. मी मोजलं नाही असं म्हटल्यावर तुम्ही हसताय का? ...तीन इंच. बरं, सव्वातीन. परीक्षा होती, मग प्रबंधाचं काम, डबा खायला फुरसत मिळत नाही, मळमळतंही सकाळी. आमच्या वयात सगळ्यांचं असंच असतं. शेंगदाणे? तुम्हाला कसं दिसलं? हो, खारे आहेत, खिशात असतात. शेंगदाणे खाऊन होतात, पुडीच्या तळाचं मीठ राहतं ते — ते टाकवत नाही. बोट ओलं करून चाटून घेते. तुम्हीही? तुम्ही तर घरून मिठाची डबीच आणलीत म्हणता. बघा, म्हणजे आपलं दोघींचं — नाही. आपलं दोघींचं काही नाही. तुमचं वेगळं आहे.

ग्लोव्हज काढून दाखवू? कशासाठी? काकू, मी इथे तुमची चाचणी करायला बसलेय.

ठीक आहे. सांगते. तुम्हाला आधीच कळलंय तर उगाच तिसऱ्या माणसाचं नाव कशाला पुढे करू. ती मीच. नॉर्मल मी. आणि किट खराब नव्हतं. कंपनीच्या बाटलीतला ठणठणीत नमुना त्या दिवशी स्वच्छ कोरा आला होता, काकू. एकदम कोरा. मशीन खोटं बोलत असतं तर तोही बिघडला असता ना? हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल. मला कळलं. ते पान माझ्यासमोर होतं, दोन्ही आकडे एकाखाली एक, आणि मी वहीत खालचा, माझा, लिहिला आणि वरचा, कंपनीचा, लिहिला नाही. दोन वर्षांत मी एक दशांश चिन्ह चुकवलेलं नाही. त्या दिवशी अख्खी ओळ गाळली. पुढे दोन दिवसांनी उरलेल्या किटवर एकटीनं परत लावून पाहिलं, ताजं रक्त, माझंच. पुन्हा तेच. मग ते पान घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं. आहे अजून. शेंगदाण्यांच्या पुडीखाली.

का म्हणजे — घरी या एकदा, म्हणजे कळेल का ते. आमच्या फ्रिजच्या दारातला वरचा कप्पा दादाचा. इन्सुलिनचा. दादा सहा वर्षांचा होता तेव्हापासून. आईची रोजची वहीच होती त्याची, कधी खाल्लं, किती टोचलं, साखर किती. मला आकडे लिहायची सवय कुणी लावली असेल असं वाटतं तुम्हाला? दादा चक्कर येऊन पडला की आई धावायची, बाबा गाडी काढायचे, आणि जाता जाता आई माझ्याकडे वळून म्हणायची, तुझी बाई मला काळजी नाही. कौतुकानं म्हणायची हो. एवढं बरं वाटायचं! सातएक वर्षांची असेन, मला ताप होता, चांगला भरलेला, आणि त्याच दिवशी दादाला ॲडमिट केलं होतं. मी थर्मामीटर धुऊन, झटकून पुसून जागेवर ठेवला आणि शाळेत गेले. संध्याकाळी शेजारच्या मावशींनी आईला सांगितलं, पोरगी तापानं फणफणलीय, तर आई काय म्हणाली माहितीये? रागावली नाही. मटकन खाली बसली आणि म्हणाली, तू तरी नको गं. बस, एवढंच. तू तरी नको. आता सांगा, तिच्यासमोर जाऊन मी काय म्हणू? आई, मला पण एक कप्पा दे?

आणि मी खोटं थोडंच बोलले होते. खुणा सापडल्या म्हणजे आजार नव्हे, मघा सांगितलं ना तुम्हाला. वर्षानुवर्षं. ग्रंथी चालू असेल माझी. आज सकाळी बसमधून उतरताना खांब धरावा लागला, पण ते तर गर्दीत कुणालाही — नव्हती. गर्दी नव्हती. सांधे काळे पडलेत बोटांचे, ते लॅबमधल्या रसायनांनीही होऊ शकतं. होऊ शकतं, मी शक्यता नाकारत नाही. हिरड्यांवर डाग आहेत. ते रसायनांनी होत नाहीत.

आता तुमच्याबद्दल. नाही, बोलू द्या, एवढं बोलले आहे तर हे राहायला नको. खरं तर हेच आधी सांगायला हवं होतं आणि मी माझंच रडगाणं गात बसले. तुमचं रक्त त्या पहिल्या बॅचमध्ये होतं. त्या दिवशीही तुमच्या खुणा सापडल्या होत्या. मी पाहिलं होतं — नाव पाहिलं नव्हतं, नंबर पाहिला होता, ओळ सतरा. तो रिपोर्ट त्या शुक्रवारी गेला असता तर पुढच्याच आठवड्यात तुम्ही इथे, या खाटेवर असता, आणि आकडा चढला नसता तर डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या असत्या. गोळ्या सुरू असत्या तर त्या मंगळवारी तुम्हाला अंधारी आली नसती. म्हणजे बहुतेक आली नसती. मी खात्रीनं — नाही. आज 'बहुतेक' नको. काकू, हा डाग माझा आहे. मी वाचवलेले अठरा दिवस आहेत ते, तुमच्या हातावर. चाळीस जणांच्या बॅचमधून मला एकच ओळ लपवायची होती, पण नियम असा आहे की एक लपवली की सगळ्यांची लपते. तुम्ही बोला हवं तर. मॅडमना सांगा, त्या तिकडे कोपऱ्यातल्या खोलीत बसतात. मीच नेते तुम्हाला. ओरडा माझ्यावर.

दहा अठ्ठावन्न झाले. काकू, हात. हात आत का घेतलात? चादरीतून बाहेर काढा ना, वाकला असेल आत, सुईत गोठेल सगळं. थट्टा करताय का? अकरा दोनला रक्त घ्यायचंय मला, अकरा तीन नाही. नाही देणार म्हणजे काय? ही शिक्षा मला नाही, तुम्हाला होईल. सगळी चाचणी पुन्हा, सगळं पुन्हा टोचावं लागेल... हो, तुम्हाला माहितीये. मला जेवढं माहितीये तेवढंच तुम्हाला माहितीये, मीच सांगितलंय सगळं. काय हवंय तुम्हाला? काय लिहू? कुठल्या ट्यूबवर?

अहो, हे असं होत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, मॅडमना सांगावं लागतं, मी असं उठून स्वतःचं — दोन वर्षं देतेच आहे, हो, ते खरं. पण ते वेगळं होतं. त्यावर नाव नव्हतं. नाव घातलं की तो रिपोर्ट कुणाचा तरी होतो, काकू. वहीत चढतो. घरी जातो. आई उघडते.

अकरा. तुम्ही खरंच नाही काढणार हात? गिऱ्हाईकानं माप द्यायला नकार दिला तर तुम्ही काय करता? बसून राहता. वाटलंच मला. शिवणारी माणसं फार हट्टी.

ही घ्या. ही नवी ट्यूब, ही चिकटपट्टी. लिहिलं. बघा. नाही, हेच माझं नाव, नॉर्मल नाही. आडनाव? घातलं. वयही. तेवीस. आता मॅडमना काय सांगायचं ते, आणि वहीतली ती ओळ — ती पण लिहीन, आज, तारखेसकट. खिशातलं पानही देते. आईला — आईला उद्या. बरं, आज. आज संध्याकाळी. तुम्हाला काय, सगळं एकाच मापात हवं.

आता हात द्या. द्या ना. अकरा वाजून एक. सरळ... असा. बोलू नका, मोजू द्या.

अकरा दोन.

झालं. कापूस दाबून धरा, वाकवू नका, उठताना आधी बसा, मग पाय खाली सोडा, मग उभ्या राहा. खांदा धरा माझा. नको, माझा नको, खाटेची कड धरा. डाग झाका, उन्हात उघडा ठेवू नका. रिपोर्ट परवा. हो, परवा, अठरा दिवस नाही. जा आता तुम्ही, खाली तुमचा मुलगा थांबला असेल. जा म्हणते ना. माझ्याकडे बघत उभ्या राहू नका.

सिस्टर! जरा इकडे येता का, नवी सुई घेऊन? रक्त घ्यायचंय. नाही, काकूंचं झालं.